शाळेचं कूळ, शाळेचं मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. शाळेबद्दल म्हण काही बोलत नाही, म्हणून हा उद्योग केला.

झालं असं. जुलैमध्ये संपादक मंडळातल्या आपल्या एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "'नवोदयने घडवलेलं नेतृत्व' असा लेख तू लिही. कोण प्रशासनात गेलं, कोण सैन्यात, कोण डॉक्टर झालं, कोण परदेशात कंपनी चालवतं, सगळी यादी पाठवतो. तू फक्त गुंफायचं." यादी आली. लांबलचक होती आणि वाचताना छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तिच्यात माझंही नाव होतं: 'सॉफ्टवेअर, पुणे, चाळीस जणांच्या टीमचं नेतृत्व'. आता चाळीस जणांचं नेतृत्व म्हणजे काय, तर दिवसाला सहा मीटिंगा, चार जणांच्या रजा आणि रिलीजच्या रात्री सगळ्यांसाठी जेवण मागवणं. हे करताना शाळेतलं नेमकं काय उपयोगी पडतं, याचा विचार करायला लागले आणि यादी बाजूलाच राहिली. तिच्यासाठी संपादकांनी दुसरं कुणीतरी शोधावं. आपली शाळा ज्या कल्पनेतून निघाली ती कल्पना आली कुठून, आणि वाटेत तिच्यात काय काय मिसळलं, एवढंच मी इथे लिहिणार आहे.

इतिहास हा माझा विषय नव्हे, हे इतिहासाच्या सरांना आठवत असेलच. नववीपासून आपण इतिहास हिंदीत शिकलो, गणित-विज्ञान इंग्रजीत, आणि भांडलो मात्र मराठीत. त्यामुळे चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात हाऊसपासून करते. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. मी उदयगिरीची. देशातल्या कुठल्याही नवोदयमध्ये जा, हीच चार नावं. पण मुलांची डोंगरांच्या नावांनी वाटणी का करायची, मोठ्या मुलांच्या छातीवर बिल्ला लावून त्यांना लहानांवर लक्ष ठेवायला का सांगायचं, असं आपण कधी कुणाला विचारलं? आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. फार पूर्वी कुणीतरी लिहिलेला असतो, लिहिणारा कधीच सोडून गेलेला असतो, तो नक्की काय करतो ते कुणाला धड माहीत नसतं. पण काढला तर सगळं कोसळेल या भीतीने तो जसाच्या तसा पुढच्या प्रणालीत जातो.

हा कोड लिहिला गेला इंग्लंडात. तिथल्या 'पब्लिक स्कूल'च्या नावात पब्लिक असलं तरी तिथे शिकायचे ते मुख्यतः बड्या घरचे मुलगे. मोठ्या मुलांनी लहानांना राबवायचं ही तिथली जुनी रीत: बूट पुसून घ्यायचे, चहा करून घ्यायचा, वर मारायचं. थॉमस अर्नोल्ड १८२८ साली रग्बीच्या शाळेचे हेडमास्तर झाले आणि १८४२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्या पदावर होते. त्यांनी ही सत्ता मोडली नाही. तिला जबाबदारीचा अंगरखा चढवला. सर्वांत वरच्या वर्गातल्या मुलांना त्यांनी जवळ घेतलं, शिस्त त्यांच्या हाती सोपवली आणि लहानांच्या वागण्याबद्दल त्यांना उत्तरदायी धरलं. पुढे १८६१ मध्ये अशा नऊ नामांकित शाळांच्या चौकशीसाठी आयोग बसला आणि १८६८ मध्ये कायदाही झाला. तोवर साम्राज्य पसरलं होतं. पंचविशीतल्या पोराच्या हाती एखादा अख्खा जिल्हा द्यायची वेळ येत होती. अठराव्या वर्षी पन्नास पोरांचं वसतिगृह सांभाळलेला मुलगा त्या कामाला बरा, असा तो सरळ हिशोब.

तोच हिशोब मग आपल्याकडे आला, आणि गंमत म्हणजे आधी राजांच्या पोरांसाठी आला. १८७० साली राजकोटला काठियावाडातल्या संस्थानिकांच्या मुलांसाठी राजकुमार कॉलेज सुरू झालं. चेस्टर मॅकनॉटन हे पहिले प्रिन्सिपॉल. इंग्रजी, घोडेस्वारी, क्रिकेट आणि साहेबाच्या रीतीभाती. क्रिकेटवाले रणजितसिंह याच शाळेचे. पुढारी घडवायची ही भारतातल्या सुरुवातीच्या शाळांपैकी एक म्हणायला हरकत नाही. फक्त इथला पुढारी जन्मानेच ठरलेला होता. शाळेने त्याला इंग्रजांच्या सोयीचं वळण लावायचं, एवढंच बाकी.

या शाळेत १८८५ च्या सुमारास कोल्हापूरहून अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. जन्म कागलच्या घाटग्यांच्या घरातला. वर्षभरापूर्वीच कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेला. तिथे तीनचार वर्षं काढली, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली आणखी काही वर्षं, आणि २ एप्रिल १८९४ ला त्याने राज्यकारभार हाती घेतला. शाहू महाराज. सगळी शाळा साहेबी, पण माणूस कुस्तीचा शौकीन, बोलणं रांगडं, आणि डोक्यात भलतंच काही.

माझ्या मते आपल्या शाळेचं खरं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबते.

राजकोटसारखी एखादी शाळा महाराजांनी कोल्हापुरात बांधली असती तर कुणी नवल केलं नसतं. त्यांनी वसतिगृहं काढली. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर शहरात राहायची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय लागते, ती कुणाच्या घरी होणार हे जातीवर ठरतं, आणि गाडी तिथेच अडते, हे त्यांनी पाहिलं होतं. शाळा उघडी असून उपयोग नाही, चूल पेटली पाहिजे. आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण त्यात एकाच जातीची मुलं उरली. मग १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, जैन बोर्डिंग निघालं. पुढच्या वर्षांत मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, त्यामागचं गणितही हेच आहे: नोकरी राखायची तर ती करणारा शिकलेला हवा, तो शिकायचा तर त्याच्या पोटाची सोय हवी. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं. राजकोटच्या शाळेने त्यांना जे दिलं असेल ते असो. त्यांनी ते निवडक पोरांपुरतं ठेवलं नाही.

जातवार वसतिगृहांबद्दल माझ्या मनात किंतु आहे. जातीची भिंत पाडायला निघालात आणि प्रत्येक जातीला वेगळी खोली दिलीत, हे मला पूर्वी पटत नसे. आता वाटतं, त्या काळात पहिली पायरी तीच शक्य असावी. पुढची पायरी दुसऱ्या कुणीतरी चढायची होती, आणि तो माणूस त्याच बोर्डिंगांतून निघाला.

कुंभोजचे भाऊराव पाटील. जन्म १८८७. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकत होते. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला ते गेले, आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला नकार दिला आणि त्यावरून बोर्डिंग सोडावं लागलं. ऐन उमेदीतला हा अनुभव माणूस विसरत नाही. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. इथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान सगळी पोरं एका पंगतीला. स्वयंपाक पोरांनी करायचा, झाडलोट पोरांनी करायची, शेतात राबायचं आणि शिकायचं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट तर सातारा-सांगलीकडच्या पोरांना पाळण्यात ऐकायला मिळते.

आता रग्बी आणि सातारा शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे वसतिगृह, दोन्हीकडे शिस्त, दोन्हीकडे पुढारी घडवायची भाषा. एकीकडे लहान पोरगा मोठ्याचे बूट पुसतो, मोठा झाला की दुसऱ्याकडून पुसून घेतो. दुसरीकडे सगळेच शेण उचलतात. त्या साताऱ्याच्या बोर्डिंगमधले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन रयतमध्येच शिकवायला लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 'परत येऊन' हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

साताऱ्यात हे चाललं असताना तिकडे १९३५ मध्ये डेहराडूनला डून स्कूल निघालं. कल्पना बंगालच्या सतीश रंजन दास यांची, ती प्रत्यक्षात आली ते मात्र त्यांच्या मृत्यूनंतर. पहिले हेडमास्तर आर्थर फूट इटनमध्ये विज्ञान शिकवून आलेले. आपल्या मुलांनी वरच्या वर्गात जरूर मोडावं, पण तो वर्ग पैशाचा किंवा हुद्द्याचा नसावा, सेवेचा असावा, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले होते. विचार उदात्त आहे. पण सेवा करायला आधी वर जावं लागतं आणि वर जायला फी भरावी लागते, हा पेच तसाच राहिला.

या पेचावर स्वातंत्र्यानंतर नेमकं बोट ठेवलं ते १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याकडचे. श्रीमंतांच्या शाळा वेगळ्या, गरिबांच्या वेगळ्या, असं चाललं तर शिक्षणच समाज दुभंगवेल; वस्तीतल्या सगळ्या मुलांनी वस्तीतल्या एकाच शाळेत जावं, असं आयोगाचं म्हणणं. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांच्या हातात निर्णय होते त्यांची स्वतःची मुलं वेगळ्या शाळेत जात होती. वस्तीची शाळा कागदावर राहिली, आणि सरकारांनी दुसरी वाट धरली: सगळ्या शाळा चांगल्या करणं जमत नाही तर निदान हुशार गरीब मुलांसाठी काही शाळा चांगल्या काढू. आपल्या राज्यात त्याच दशकात विद्यानिकेतनं निघाली. पुसेगाव, औरंगाबाद, धुळे ही त्यांतली ठिकाणं. आपल्या काही सरांचं शिक्षण तिथलं, हे मला लेखाच्या निमित्ताने कळलं. आंध्रात १९७१ मध्ये नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल गावी निवासी शाळा सुरू झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह राव.

(नरसिंह राव मराठी उत्तम जाणत. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. विषयाशी याचा संबंध नाही, पण कळल्यावर सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

१९८५ मध्ये हेच नरसिंह राव केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले. पंतप्रधान राजीव गांधी, स्वतः डूनचे विद्यार्थी. एक डूनमधून आलेला, एक सर्वेल उभारून आलेला. त्या जोडीतून नवोदय निघालं हे पाहिलं की आपल्या शाळेचा दुहेरी स्वभाव समजतो. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून दोन शाळा निघाल्या: हरियाणात झज्जर आणि आपल्याकडे अमरावती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यावर शिक्का मारला. प्रत्येक जिल्ह्यात एक शाळा, किमान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा, राहणं-जेवण-कपडे-पुस्तकं सरकारची. आज अशा साडेसहाशेच्या आसपास शाळा आहेत. तमिळनाडूने त्रिभाषा सूत्रामुळे त्या घेतल्याच नाहीत. कल्पनेवर टीका तेव्हाही झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेला धड छप्पर नाही आणि ऐंशी मुलांवर एवढा खर्च कशाला, हा प्रश्न विचारणारे वेडे नव्हते.

त्या ऐंशींतली मी एक. १९९२, सहावी बॅच, हिरवी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव.

तर मग शाळेने नेतृत्व शिकवलं ते कुठे? बिल्ल्यातून तर नक्कीच नाही. मी अकरावीत हाऊस कॅप्टन होते आणि काय केलं म्हणाल तर रांगा सरळ केल्या. शिकले ते मेसमध्ये. डाळ वाढायची पाळी आठवतेय? पातेलं एक, ताटं चारशे. सुरुवातीला मैत्रिणींना दोन-दोन पळ्या वाढल्या तर शेवटच्या टेबलाला नुसतं पाणी. एकदा माझ्याकडून तसं झालं. मेसच्या मॅडम रागावल्या नाहीत. त्या टेबलावर त्यांनी मलाही बसवलं आणि माझ्या ताटात तेच पाणी वाढलं. आजही कामं वाटून देताना माझी नजर आधी शेवटच्या टेबलाकडे जाते. हे मला मॅनेजमेंटच्या कुठल्याही प्रशिक्षणाने दिलं नाही, आणि तशी प्रशिक्षणं मी बरीच केली आहेत.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. सहावीत माझ्या शेजारच्या कॉटवर जी होती, ती घरून शेंगदाण्याची चटणी आणायची. आपल्या मेसच्या भाजीवर तो एकच उतारा. आम्ही दोघी एका डब्यात बोटं घालून खायचो. एका रविवारी आई भेटायला आली आणि मी तिला कौतुकाने ती चटणी दिली. आईने खाल्ली, छान म्हणाली, मग विचारलं, "आडनाव काय गं तिचं?" मी म्हटलं, "आठवत नाही." आठ महिने एका खोलीत राहून. आडनाव सांगितलं तर आई डबा खाली ठेवेल, हे अकराव्या वर्षी मला माहीत होतं. मैत्रीण दारातच उभी होती. तिने ऐकलं की नाही, हे मी तिला आजवर विचारलं नाही. या मेळाव्याला ती येणार आहे असं कळलंय.

शाळेने एका पंगतीला बसवलं. ती पंगत घरापर्यंत न्यायचं काम मात्र आपलं आपल्यालाच करायचं होतं, आणि मला ते जमायला फार वर्षं लागली.

मायग्रेशनबद्दल प्रत्येकजण लिहीलच, म्हणून मी थोडक्यात आटोपते. नववीतली तीस टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात. मी उत्तरेला गेले. पहिला महिना रडण्यात, दुसरा 'ळ' म्हणून दाखवण्यात गेला. तिकडच्या मुली तो उच्चार ऐकायला गर्दी करायच्या. आपण जिथे अल्पसंख्य असतो तिथे आपली हुशारी कुणाला दिसत नाही, आधी माणूसपण दिसावं लागतं, एवढं कळलं. ऑफिसात बाहेरच्या राज्यातली नवी मुलगी गप्प गप्प असली की मला तो पहिला महिना आठवतो.

आता जमाखर्चातली न फेडलेली बाजू. १९८६ च्या धोरणात नवोदयला आणखी एक काम दिलेलं होतं: या शाळांनी आजूबाजूच्या शाळा सुधारायला चालना द्यायची, देशभरच्या शाळासुधारणेची प्रेरणा व्हायचं. धोरणाचा हा भाग मी यंदा पहिल्यांदा वाचला आणि वाचताना आपल्या ग्राउंडच्या मागची भिंत डोळ्यांसमोर आली. भिंतीपलीकडे जिल्हा परिषदेची शाळा होती. त्यांची मधली सुट्टी आपल्याला ऐकू यायची. आपला बॉल पलीकडे गेला की ती मुलं परत टाकायची. सात वर्षांत आपला त्यांच्याशी एवढाच व्यवहार. आपल्या प्रयोगशाळेत ती कधी आली नाहीत, आणि त्यांना बोलावू या असं आपल्यालाही कधी सुचलं नाही. आपण लहान होतो हे खरं. पण नंतर मोठे झालोच की.

त्या भिंतीपलीकडच्यांपैकी एकीला मी जवळून ओळखते. गावच्या चौथी-पाचवीत ती माझ्या बाकावर होती. नवोदयची परीक्षा आम्ही बरोबर दिली. अभ्यासाला गाईड एकच होतं, आणि ते तिचं होतं. तिच्या वडिलांनी तालुक्याहून आणलेलं. आकृत्यांची गणितं तिला माझ्यापेक्षा लवकर सुटायची. बरीचशी मला तिनेच शिकवली. निकालात माझं नाव आलं. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, हे तुम्हाला माहीतच आहे. मला सोडायला ती एसटी स्टँडवर आली होती. गाईडही घेऊन आली होती, "ठेव, तुला लागेल" म्हणून. प्रवेश झाल्यावर त्या गाईडचा कुणालाच उपयोग नव्हता, हे आम्हा दोघींनाही कळलं नाही.

ती गावातच राहिली. तालुक्याला बारावी केलं, लग्न गावातच झालं. महिला राखीव जागेवर आधी सदस्य झाली, मग सरपंच. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती आली तेव्हा आपण सातवीत होतो आणि नागरिकशास्त्रात दोन गुणांसाठी ती पाठ केली होती. तिने ती वापरली.

गेल्या १५ ऑगस्टला गावी होते. झेंडावंदनानंतर ग्रामसभा. मी सहज म्हणून मागे बसले आणि दोन तास उठले नाही. वरच्या वस्तीला पाणी दोन दिवसांआड, खालच्या वस्तीला रोज. त्यावरून दरवर्षी होणारं भांडण. तिने कुणाला बोलू दिलं, कुणाला थांबवलं, खालच्या वस्तीच्या एका जाणत्या बाबांना "तुम्हीच सांगा, तात्या, टाकी कुठं बसवायची" म्हणून पुढे केलं, आणि तात्यांच्याच तोंडून वरच्या वस्तीची टाकी आधी मंजूर करून घेतली. शेवटच्या टेबलाला डाळ पोचली. हे मला आपल्या मेसमध्ये शिकायला मिळालं. ती कुठे शिकली?

सभा संपल्यावर तिच्या घरी चहाला गेले. तिचं शेंडेफळ पाचवीत आहे, जिल्हा परिषदेच्याच शाळेत. आईवर गेलीय, आकृत्यांची गणितं झटक्यात. गुरुजींनी हौसेने नवोदयच्या फॉर्मचा कागद भरून दिला होता. फोटो चिकटवलेला, मुख्याध्यापकांची सही-शिक्का झालेला. तिने तो माझ्यापुढे ठेवला.

"बसवू का गं हिला?"

"विचारतेस काय? बसव की," मी म्हटलं.

"निवड झाली तर जाईल. तुझ्यासारखी शिकेल. मग?"

"मग काय?"

"परत येईल का?"

मला बॅरिस्टर पाटलांचं नाव आठवलं, पण तोंडातून निघालं नाही. ज्या माणसाला विचारायचं तो समोर बसलेला असताना साताऱ्याचा दाखला कशाला. मी पुण्याहून वर्षातून दोनदा गावी जाते आणि गाडीत पेट्रोल भरून परत येते, हे तिला माहीत आहे. पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी येऊन तुझ्या शाळेतल्या पाचवीच्या मुलांना गणित शिकवीन, असं मी म्हणाले. तिने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. "आधी ये तर," म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.

पोरगी उंबऱ्यावर बसून पेन चावत होती. तिची सही झाली होती, गोल गोल अक्षरात. खाली पालकांच्या सहीची जागा असते, ती अजून रिकामी होती.